कॅमची निवड

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा आमच्या थंडरबर्डचे इंजिन कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील एका दुकानात उघडून ठेवलेले होते. विषय कोणता घ्यावा, असे विचारता 'शाळेशी संबंध असला म्हणजे झाले' असे उत्तर आले. त्या मोकळिकीचा आम्ही थोडा गैरफायदा घेत आहोत. हा लेख मोटारसायकलच्या इंजिनातील एका मुठीत मावणाऱ्या भागाविषयी, कॅमविषयी आहे. तो आपल्या शाळेविषयीही आहे, हे आमच्या ध्यानात येण्यास वीस वर्षे लागली.

पन्नाशी ओलांडलेला इतिहासाचा शिक्षक क्रूझर गाडी चालवितो याचे अनेकांना हसू येते. आमच्या आजोबांना गावाच्या मुख्य रस्त्याने पायांत वहाणा घालून जाता येत नसे. त्याच रस्त्याने बुलेटच्या घराण्यातली गाडी घेऊन, साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात जावे, ही इच्छा आम्ही लहानपणापासून बाळगून होतो. धम्माच्या कसोटीवर ती कितपत उतरेल याची शंका आहे. पण ती होती, आणि वेतन आयोगाच्या थकबाकीचे पैसे हाती येताच आम्ही ती पुरी केली. तेव्हापासून मार्च महिन्यात कधी महाडचे चवदार तळे, कधी हातकणंगले तालुक्यातील माणगाव, अशी आमची एक तरी फेरी ठरलेली असते. २० मार्च १९२७ आणि २१ मार्च १९२० या दोन तारखा पंचांगात शेजारी शेजारी येतात, त्यामुळे एका वर्षात दोन्ही साधणे शिक्षकाच्या रजेला परवडत नाही.

गाडीचे साठ हजार किलोमीटर झाले आणि इंजिनातून टकटक ऐकू येऊ लागली. तेल बदलून पाहिले, फरक पडला नाही. गावातील तीन मेस्त्रींनी कान लावला आणि तिघांनीही एकच नाव सांगितले : कॅमचे काम तोच करतो. ते नाव ऐकून आम्ही आठवडाभर गाडी घरीच उभी केली. तो आपल्या शाळेचा विद्यार्थी. लेखात नाव नको, असे त्याने सांगितल्यामुळे येथे देत नाही.

आठवडाभर थांबण्याचे कारण असे. वीसेक वर्षांपूर्वी आमच्याकडे वसतिगृहाच्या अधीक्षकपदाचीही जबाबदारी होती. एका रविवारी दुपारी विहिरीवरच्या ऑइल इंजिनाचे झाकण काढून नववीतला एक मुलगा आत डोकावत बसलेला आम्हाला सापडला. तो फ्लायव्हील हाताने सावकाश फिरवत होता. आम्हाला पाहून तो उठला, पण घाबरलेला दिसला नाही. उलट त्याने विचारले, "सर, हे आतलं अंड्यासारखं कशाला असतंय?" आम्ही जे बोललो ते आजही शब्दशः आठवते. "तुझ्या बापाने तुला येथे पाना धरायला ठेवला का? तेल, राड आणि ओझी पिढ्यानुपिढ्या आपल्याच माथी होती. येथे लेखणी धरायला आला आहेस, लेखणी धर." इतर मुलांना धाक बसावा म्हणून हेच आम्ही संध्याकाळी वंदनेनंतर पुन्हा सर्वांसमोर बोललो. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मात्र दिले नाही. कारण ते अंड्यासारखे कशाला असते, हे आम्हालाच ठाऊक नव्हते.

पुढे दहावीला तो गणितात राहिला. परीक्षेला पुन्हा बसला नाही. उद्यमनगरात कुणा मेस्त्रीच्या हाताखाली लागल्याचे कानावर आले, आणि आम्ही त्याला आपल्या अपयशांच्या खात्यात टाकून विसरून गेलो.

उद्यमनगर ज्यांनी आतून पाहिले नसेल त्यांना सांगावे लागेल. अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंना लेथ, ड्रिल, ग्राइंडिंगची दुकाने, कुठे ओतकामाचे लाकडी साचे करणारे सुतार, दारात लोखंडाच्या कुरळ्या शिलकीचे ढीग. कोल्हापूरचे ओतकाम शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल असे पसरत गेले, तरी एखादा विचित्र सुटा भाग हवा असेल तर माणूस अजून येथेच येतो. त्याचे दुकान एका कोपऱ्यावर आहे. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्याखाली मापे घेण्याच्या साधनांचे काचेचे कपाट. "जय भीम, सर," म्हणून त्याने हात पुसले आणि स्टूल पुढे केले. मागचे काहीच बोलला नाही.

इंजिन उघडल्यावर दोष स्पष्ट दिसला. हायड्रॉलिक टॅपेट बसले होते आणि एक्झॉस्टच्या कॅमच्या नाकावर बारीक खड्डे पडले होते. कॅम बदलणे भाग होते. तेव्हा आमच्या मनात दडून असलेली हौस बाहेर आली. उघडलेच आहे, तर 'परफॉर्मन्स'चा कॅम का टाकू नये? सिग्नलला उभ्या असलेल्या एका तरुणाच्या गाडीचा तो अडखळत घुमणारा आवाज आम्ही ऐकला होता. घोडा खूर आपटत असावा तसा. तसा आवाज आपल्या गाडीला असावा, असे वाटत होते.

त्याने कापड पसरून तीन जोड्या मांडल्या. पहिली कंपनीची, जशी मूळ इंजिनात असते तशी. दुसरी शर्यतीच्या गाडीसाठी घासलेली. तिसरी दिसायला पहिलीसारखीच, फक्त नाक किंचित उंच. आम्ही बोट अर्थातच दुसरीवर ठेवले. त्याने ती उचलली नाही.

"सर, गाडी कुठं चालवता ते सांगा आधी."

आम्ही सांगितले : रोज घर ते शाळा, सुट्टीला पन्हाळा, वर्षातून एकदा घाट उतरून महाड.

"मागं कोण असतंय?"

पत्नी असतात. शिवाय सामानाची पेटी.

"टॉपला किती वेगावर हात ठरतो तुमचा?"

साठ ते सत्तर.

"म्हंजे इंजिन तीन हजारांच्या आसपास फिरतंय. हा कॅम पाच हजारांच्या पुढं जागा होतो. तुमी तिथं कधी जाणारच न्हाई. तुमी जागं असताना ह्यो झोपणार."

मग वीस वर्षांपूर्वीच्या प्रश्नाचे उत्तर त्याने आम्हाला दिले. क्रँक दोन फेऱ्या फिरतो तेव्हा कॅम एक फिरतो. मिनिटाला तीन हजार फेऱ्या असतील तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला पंचवीस वेळा उघडतो आणि मिटतो. कॅमची गोल बाजू फिरत असते तोवर व्हॉल्व्ह मिटलेला. नाक आले की ते टॅपेट उचलते, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकर व्हॉल्व्हला दाबतो. नाक किती उंच, यावर व्हॉल्व्ह किती उघडणार ते ठरते. नाक किती रुंद, यावर तो किती वेळ उघडा राहणार ते ठरते. अंड्याच्या आकारात इंजिनाचा सारा स्वभाव लिहिलेला असतो.

खरी मेख त्या उघडे राहण्याच्या वेळेत आहे. पिस्टन तळाला जाऊन वर निघाला तरी इनलेट व्हॉल्व्ह काही काळ उघडाच ठेवलेला असतो. इंजिन जोरात फिरत असेल तर आत शिरणारे मिश्रण आपल्या ओघानेच आणखी भरत राहते, एस.टी. हलली तरी मागची माणसे रेटारेटीत चढत राहतात तसे. पण फेऱ्या कमी असतील तर तो ओघच नसतो. मग वर येणारा पिस्टन आत आलेले मिश्रण उलट बाहेर ढकलतो, दाब कमी होतो आणि ओढ मरते. शर्यतीच्या कॅममध्ये ही वेळ फार लांबवलेली असते. शिवाय एक्झॉस्ट पुरता मिटण्याआधीच इनलेट उघडतो, आणि दोन्ही दारे एकदम उघडी राहण्याचा तो काळही वाढतो. उभ्या गाडीत जळालेला धूर ताज्या मिश्रणात मिसळतो, एखादा स्फोट नीट होतो, एखादा अर्धवट. आम्हाला भुरळ पाडणारा तो घोड्याच्या खुरांचा आवाज म्हणजे इंजिनाचे अडखळणे होते.

"पोरं त्या आवाजाला पैसे देतात," तो म्हणाला. "आणि चौदा एप्रिलला मिरवणुकीत माझ्याकडं ढकलत आणतात. मिरवणूक चालते माणसाच्या पावलानं. पहिल्या गियरात, क्लच दाबून, दोन-दोन तास. तिथं ह्यो कॅम घातलेली गाडी धा वेळा बंद पडती आणि तापती ते येगळंच." जयंतीच्या मिरवणुकीसाठी म्हणून घेतलेला कॅम जयंतीच्या मिरवणुकीतच सर्वांत निकामी, ही गंमत आम्हाला घरी परतेपर्यंत पुरली.

थंडरबर्डच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ९० मिलिमीटर. ही उंच, अरुंद घडण मुळातच सावकाश आणि जोराने ओढण्यासाठी केलेली. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे तिची सर्वाधिक ओढ २८ न्यूटन-मीटर असून ती मिनिटाला ४,००० फेऱ्यांवर मिळते. शक्ती वीसेक अश्वशक्ती, ती ५,२५० फेऱ्यांवर. दुसरा कॅम घालून अश्वशक्तीचा आकडा कदाचित वाढला असता. पण त्यासाठी कार्बोरेटरचे जेट, एअर फिल्टर, सायलेन्सर, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा हे सगळे बदलावे लागले असते, आणि एवढे करून तो आकडा आमच्या उपयोगाच्या जागी आला नसता. एकटा कॅम बदलून भागते, असे सांगणाऱ्या मेस्त्रीवर विश्वास ठेवू नये, असे त्याचे मत आहे.

हे ऐकत असताना आम्हाला उगाच हुशारी सुचली. "हे उंच नाक तू वाढवतोस कसे? वरून धातू चढवतोस?" तो हसला. "नाक कुणाला वाढवता येतंय, सर? पाठ उतरवायची." आणि त्याने ग्राइंडरवर दाखवले. नाकाला शक्यतो धक्का न लावता गोल बाजू बारीक करत जायचे, म्हणजे दोहोंतील अंतर वाढते आणि तेच नाक उंच ठरते. मात्र कॅमचा वरचा थर तेवढा कठीण केलेला असतो, आत मऊ पोलाद. हाव धरून फार घासले की कठीण थर संपतो आणि काही हजार किलोमीटरांत नाक झिजून जाते. शिवाय पाठ उतरली की पुशरॉडची लांबी जुळवून घ्यावी लागते. मोटारगाड्यांच्या ओतीव कॅमशाफ्टमध्ये हा कठीणपणा निराळ्या युक्तीने आणतात : साच्यात नाकांच्या जागी धातूचे तुकडे बसवलेले असतात, तेथे वितळलेले लोखंड झटकन थंड होऊन काचेसारखे कडक होते. सोलापुरात १९९२ साली सुरू झालेल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्स या कारखान्यातून असे कॅमशाफ्ट परदेशांतील मोटारींसाठीही जातात. हेही आम्हाला त्याच्याचकडून कळले. सोलापूर म्हणजे चादरी आणि गिरणी कामगार, एवढाच आमचा इतिहास.

त्या रात्री घरी येऊन आम्ही बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा एक खंड काढला. ऑक्टोबर १९४२ मध्ये, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन सरकारला सादर केले होते. कला आणि कायदा या शाखांच्या शिक्षणाचा आपल्या समाजाला फारसा लाभ होणार नाही, उच्च दर्जाचे विज्ञान आणि तंत्रशिक्षणच त्याला तारेल, असे त्यात त्यांनी स्वच्छ मांडले आहे. एवढ्यावर न थांबता सरकारी छापखाने आणि रेल्वेचे कारखाने यांत आपल्या मुलांना उमेदवारीने काम शिकण्याची सोय व्हावी, असेही सुचवले आहे. बाबासाहेब स्वतः अर्थशास्त्राचे आणि कायद्याचे पंडित. लेखणीची किंमत त्यांच्याइतकी कुणाला कळली असेल? तरी त्यांनी आपल्या मुलांसाठी रेल्वेच्या कारखान्यातला पाना मागितला. हे पान आम्ही पूर्वी वाचले होते. समासात आमच्याच हाताची पेन्सिलीची रेघ होती, आणि शेजारी सवयीप्रमाणे तारीख. ती तारीख विहिरीवरच्या त्या रविवारच्या आधीची आहे.

आमच्या बोलण्याला आधार नव्हता असे नाही. ज्या हातांवर कामे लादली गेली ते हात त्या कामांतून सुटावेत, ही आमच्या पिढीची धडपड होती आणि ती खोटी नव्हती. पण लादलेले ओझे आणि कुतूहलाने उघडलेले इंजिन यांतला फरक आम्ही पाहिला नाही. आपल्याच कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी अस्पृश्य मानलेल्या माणसांना माहूत आणि कोचमन नेमले होते, हे आम्ही दरवर्षी २६ जूनच्या भाषणात सांगतो. ते कामही हाताचेच होते. परंपरेने ज्या कामाजवळ फिरकू दिले नाही ते काम हाती देणे, हा महाराजांचा हेतू होता. इंजिन उघडणे हे आपल्या बापजाद्यांचे काम कधी नव्हतेच.

चार दिवसांनी पुन्हा गेलो. तिसरी जोडी घालायची असे तोवर ठरले होते : उघडे राहण्याची वेळ कंपनीच्या कॅमएवढीच, उंची थोडी अधिक. म्हणजे मिश्रण परत ढकलले जाणार नाही, पण आत येताना दार थोडे मोठे मिळेल. उंची वाढली की उघडा व्हॉल्व्ह पिस्टनला भिडण्याचे भय असते, म्हणून आधी तपासणी. त्याने पिस्टनच्या माथ्यावर मुलांच्या खेळण्यातली मऊ माती थापली. हायड्रॉलिक टॅपेट दाबला जाऊन खोटे माप देतो, म्हणून तपासणीपुरता ठोस टॅपेट बसवला, हेड चढवले आणि इंजिन हाताने सावकाश दोन फेऱ्या फिरवले. क्रँकच्या टोकाला ३६० अंशांची तबकडी लावली होती, व्हॉल्व्हवर डायल गेज. तो अंश वाचत होता आणि एका वहीत लिहीत होता : कितव्या अंशाला उघडला, कितव्याला मिटला, सर्वांत उंच कोठे. वहीची पाने अशा आकड्यांनी भरलेली होती. गणितात राहिलेल्या मुलाचे अक्षर आम्ही ओळखले. सात अजूनही उलट्या बाजूने सुरू करतो.

हेड काढेपर्यंत त्याने आम्हाला पेन्सिल शोधायला कपाटाचा खण उघडण्यास सांगितले. खणात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली आपल्या शाळेची मागील स्मरणिका होती. तिच्यात 'आमचे यशवंत विद्यार्थी' अशी चार पानी यादी आहे. अधिकारी, डॉक्टर, प्राध्यापक, वकील, बँकेतले, शिक्षक. ती यादी आम्ही तयार केली होती. त्यात त्याचे नाव नाही. शेवटच्या जाहिरातींच्या पानांत मात्र एक चतकोर चौकट आहे : नमो बुद्धाय, जय भीम, शुभेच्छुक, आणि खाली या दुकानाचे नाव. त्या जाहिरातीची पावतीही आमच्याच सहीची असणार. आम्ही पेन्सिल घेऊन खण बंद केला.

माती बाहेर काढून त्याने ब्लेडने कापली. व्हॉल्व्हच्या कडेचा ठसा तीत स्वच्छ उमटला होता, आणि सर्वांत पातळ जागीही दोन मिलिमीटरांहून अधिक जाडी शिल्लक होती. "बसतंय," तो म्हणाला. मग हात पुसता पुसता, "तुमीच सांगायचा की सर, वंदनेनंतर. वीणेची तार."

सोण कोळिविसाची ती कथा आम्ही वसतिगृहात कितीदा सांगितली असेल. अति कष्टाने पायांतून रक्त काढणाऱ्या त्या भिक्खूला तथागतांनी विचारले होते, तार फार ताणली तर वीणा वाजते का, आणि फार सैल सोडली तर? आम्ही म्हणालो, म्हणजे तू मधला कॅम निवडलास. "मधला कुठं, सर? ह्यो त्या दोघांच्या मधी येतच न्हाई. येळ पहिल्याएवढाच हाय. तार अर्धी ताणून वीणा लागत न्हाई, सूर कुठला पायजे ते बघून लागती." इतकी वर्षे आम्ही ती कथा समासमान वाटणीसारखी सांगत आलो होतो.

गाडी जोडून झाल्यावर पहिली फेरी पन्हाळ्याची केली, पत्नी मागे. वाघबिळावरून वळलो की चढाला पूर्वी तिसऱ्या गियरात गाडी कुरकुरत असे आणि दुसरा टाकावा लागे. या वेळी तिसऱ्यातच वर गेली. फरक फार मोठा नाही. नव्या कॅमचा किती आणि नव्या टॅपेटचा किती, हेही सांगता येणार नाही. उभ्या गाडीचा आवाज पहिल्यासारखाच शांत आहे. "एवढे पैसे घालून आवाज तोच?" असे वर पोचल्यावर विचारणा झाली. प्रदूषण चाचणीत गाडी उत्तीर्ण झाली. ती माती आम्ही मागून आणली असून ती सध्या आमच्या वर्गातील टेबलावर असते. नववीच्या मुलांनी विचारले तर सांगतो, आणि हल्ली ती विचारतात.

मजुरीचे पैसे घेण्यास तो तयार नव्हता. आम्ही पूर्ण दिले, कारण ज्या कामाला आपण एकदा हलके म्हटले ते फुकट घेणे आम्हाला जमले नाही. त्याने ते मोजले आणि त्यातूनच जाहिरातीचे पैसे वेगळे काढले. "यंदा किती पान, सर?" आम्ही म्हणालो, जाहिरात राहू दे, आधी यादी. पिशवीतून यादीचा कच्चा खर्डा काढला, त्याचे नाव लिहिले आणि पुढच्या रकान्यासाठी विचारले : हुद्दा काय लिहू? उद्योजक?

"उद्योजक नको," तो थोडा विचार करून म्हणाला. "कॅम ग्राइंडर लिवा."

तसेच लिहून संपादक मंडळाकडे दिले आहे. छपाईत कुणी सुधारून 'उद्योजक' केले असल्यास वाचकांनी कृपया दुरुस्त करून वाचावे.